बोर्डावरचे दोन बिल्ले

मित्रांनो, आधीच सांगून टाकते, मला एकही खिडकी नाही. एवढंसं भोकसुद्धा नाही. लोक लांबून बघतात आणि एकमेकांना विचारतात, "हे काय रे, पाण्याची टाकी का?" कोणी म्हणतं थडगं आहे. माझं डोकंच फिरतं. मी एक जुनी इमारत आहे आणि माझ्या पोटात बसून माणसं रॉकेट सोडायची. एक-दोन नाही, एकशे सत्तेचाळीस. आता पोटात कोणी नाही. बाहेर गवत कमरेएवढं झालंय आणि माझ्या घुमटावर रोज एक शेळी चढते. ती कशी चढते ते तिलाच ठाऊक.

मला दिसतं, ऐकू येतं, आणि मोजता तर फार छान येतं. फक्त बोलता येत नाही. दार आहे, पण ते कधी उघडायचं आणि कधी लावायचं हे मला कोणी विचारत नाही. माझी सगळी गोष्ट तिथेच अडते. तरी ऐका.

मला जिने कागदावर काढलं तिला सगळे खडूबाई म्हणायचे. अर्थात पाठीमागे. तिच्या हातात कायम खडू असायचा. काँक्रीटमध्ये बोटभर पोकळी दिसली की ती तिथे फुली मारायची आणि म्हणायची, "हे फोडा. परत ओता." मुकादम तर त्या खडूला इतका घाबरायचा की स्वतःच्या घराच्या भिंतीवर मुलाने रेघोट्या मारल्या तरी दचकायचा म्हणे. एक भिंत तिने तीनदा फोडायला लावली. मला तेव्हा तिचा फार राग यायचा. आपल्यालाच कोणी सारखं चुकीचं ठरवत राहिलं तर कसं वाटतं, तसं.

पण तिचं बरोबर होतं. रॉकेट ज्या ओट्यावर उभं करतात त्याला पॅड म्हणतात. ते पॅड माझ्यापासून अडीचशे पावलांवर. त्या काळी वायर फार लांब नेली की तिच्यातून जाणारा इशारा अशक्त व्हायचा, म्हणून माणसांना जवळ बसणं भाग होतं. आणि जवळ बसायचं म्हणजे, रॉकेट पेटलं काय किंवा उभ्या जागी फुटलं काय, आतल्या माणसाच्या केसालाही धक्का लागता कामा नये. म्हणून माझ्या भिंती दोन माणसं आडवी झोपतील एवढ्या जाड. छप्पर घुमटासारखं, वरून काही पडलं तर घरंगळून खाली जावं म्हणून. बाहेर बघायला काच नको, काच फुटते. त्याऐवजी छपरातून वर गेलेली एक लांब नळी, तिच्यात आरसे, तोच पेरिस्कोप. आणि माझ्यापासून पॅडपर्यंत जमिनीखालून एक बोगदा. सगळ्या वायरी त्यातून जायच्या आणि त्यांच्या कडेने एका माणसापुरती वाट. बोगद्याच्या माझ्याकडच्या तोंडाला लोखंडी दार, चाक फिरवून आतून लावायचं. पलीकडच्या तोंडालाही एक दार होतं, पण हलकं.

माझं काम पुरं झालं तेव्हा खडूबाईने परीक्षा घेतली. मुकादमाला आत बसवलं, बोगद्याचं दार लावलं आणि बाहेरून दोन गड्यांना घण घेऊन दारावर पाच मिनिटं मारायला लावलं. मग दार उघडलं.

"किती घाव मोजलेत?" तिने विचारलं.

मुकादम जागेवरून उठला. "सुरू झालं का मारायला?"

खडूबाई हसली. तिला हसताना मी तेवढं एकदाच पाहिलं. तिने दारावर खडूने बरोबरची खूण केली, आणि मी अशी फुगले म्हणून सांगू. माझ्या आत बाहेरचा आवाज येत नाही. घणाचासुद्धा नाही. मी स्वतः मात्र सगळे घाव मोजले होते. शहाऐंशी. मला ते अंगातून कळतात. तेव्हा वाटलं, हा फरक कशाला महत्त्वाचा असेल?

मग माणसं राहायला आली. राहायला म्हणजे कामाला, पण काउंटडाउनच्या दिवसांत जेवण-झोप सगळं इथेच. मध्यभागी मोठी खोली, तिथे दिव्यांची आणि बटणांची टेबलं. सगळ्यांत मागे उंच खुर्ची, ती संचालकबाईंची. त्या खुर्चीवर नीट टेकून कधी बसल्या नाहीत. पेरिस्कोपला डोळा लावायला एक उंच, वाकडा पोरगा होता, त्याला बगळा म्हणायचे. आणि बोगद्याच्या दाराशी दरवानदादा.

दरवानदादाच्या शेजारच्या भिंतीवर एक लाकडी बोर्ड. त्यावर चाळीस खिळे, प्रत्येक खिळ्याखाली एक नंबर. प्रत्येकाकडे आपल्या नंबरचा पितळी बिल्ला. बोगद्यातून पॅडवर जाताना आपला बिल्ला बोर्डावर टांगायचा, परत आलं की काढून घ्यायचा. बोर्डावर एक जरी बिल्ला लटकत असला तरी दार लावायचं नाही. बोर्ड रिकामा झाला की दार बंद, आणि दार बंद झालं की मगच रॉकेट पेटवायची किल्ली संचालकबाईंच्या हातात. हा नियमही खडूबाईचाच. किती साधा. लहान मूलही पाळेल.

मोठ्या माणसांचीच पंचाईत होते.

आता मामा आणि तात्या. मामा फिटर. पॅडवरच्या सगळ्या नळ्या आणि झडपा त्याच्या ताब्यात. तो कोणाचा मामा ते कोणालाच माहीत नव्हतं. त्याच्या नोकरीच्या पहिल्याच दिवशी संचालकबाईंची छोटी मुलगी आईबरोबर आली होती, तिने मामा म्हटलं, आणि संध्याकाळपर्यंत त्याच्यापेक्षा दहा वर्षांनी मोठी माणसंही त्याला मामा म्हणायला लागली. तात्या वायरमन. दोघं बोगद्यातून कायम जोडीने जायचे, कारण वायर आणि नळी एकमेकींना धरूनच जातात. जाताना भांडायचे, येताना भांडायचे. त्यांचं भांडण ऐकत राहावं असं असायचं.

"तुझ्या नळीतून पाणी गळून माझी वायर सडते."

"तुझी वायर आधीपासून सडकी. तुझ्यासारखीच."

"माझ्यासारखी असती तर चालली असती. नळीला काय, नुसतं पडून राहायचं."

"तुला तेही जमत नाही. झोपेतही लाथा मारतोस. मागच्या काउंटडाउनला माझं अंग काळंनिळं केलंस."

या दोघांनी एक खेळ काढला होता. बोगद्यातून परत येताना जो आधी दारातून आत येईल त्याने दोघांचेही बिल्ले काढायचे. जो मागून येईल त्याने चहा द्यायचा. कोपऱ्यातल्या थर्मासमधून कप भरायचा आणि पहिल्याच्या हातात नेऊन ठेवायचा. पहिल्याने मागे वळूनही बघायचं नाही, नुसता हात मागे करून तळवा उघडा ठेवायचा, नवाबासारखा. म्हातारे व्हायला आले तरी शेवटची वीस पावलं दोघं धावायचे. सगळी खोली हसायची. दरवानदादा हसायचा. संचालकबाईसुद्धा. दोघं एकदमच तर येतात, दोन बिल्ले एकाने काढले तर काय बिघडलं? अठरा वर्षं काही बिघडलं नाही. मीही हसायचे, माझ्यापुरती. खोटं कशाला बोलू?

अजून एक सांगायचं राहिलं. बोगद्याच्या दाराबाहेर भिंतीवर एक फोन होता. कोणी बाहेर राहिलं तर आत कळवायला. तो ओल धरून बिघडला आणि कोणी नसतानाही वाजायला लागला. काउंटडाउनच्या ऐन भरात दोनदा वाजला, तर संचालकबाई वैतागल्या आणि म्हणाल्या, काढा तो आधी. काढला. त्याजागी वायरींची दोन टोकं राहिली आणि "नवीन येणार" अशी एक चिठ्ठी. चिठ्ठी चार महिने तिथे होती. कडा कुरतडल्या गेल्या होत्या तिच्या.

तो दिवस एक्क्याण्णवाव्या रॉकेटचा. भर दुपार. बाहेर ऊन असं की माझं छप्पर तापून तडतडत होतं. काउंटडाउन सहा मिनिटांवर आलेला, तेवढ्यात एका झडपेचा दिवा लाल झाला. संचालकबाईंनी मोजणी थांबवली आणि मामा-तात्याला पाठवलं. दोघांनी बिल्ले टांगले. तेवीस नंबर मामाचा, चोवीस तात्याचा. मी पावलं मोजली. दोन माणसं गेली.

झडप मामाने दहा मिनिटांत सरळ केली. खोलीत दिवा हिरवा झाला. दोघं परत निघाले, बोगद्यात शिरले, अर्ध्यावर आले. बोगदा म्हणजे माझंच आतडं, तिथलं सगळं मला ऐकू येतं.

"थांब," मामा म्हणाला. "पाना वर राहिला."

"राहू दे. उद्या घे."

"उद्या काय घेतोस? धगीच्या जोराने उडाला तर समोरच्या टाकीला भोक पाडेल. दोन मिनिटांत आलो."

"जा बाबा. मी पुढे होतो. चहा तुझ्याकडे लागला, सांगून ठेवतो."

"ही लबाडी आहे."

"नियम आहे."

मामा हसत माघारी गेला. तात्या एकटाच माझ्या दारातून आत आला. आता बघा, इथे काय झालं. तात्याने हात वर केला आणि दोन्ही बिल्ले काढून खिशात टाकले. विचार करून नाही काढले. अठरा वर्षं हात तसाच वर जायचा, त्या दिवशीही गेला. दरवानदादा दाराच्या चाकाला ग्रीस लावत पाठमोरा बसला होता. त्याच वेळी संचालकबाईंनी हाक मारली, "तात्या, लवकर या. आता सातवा दिवा लागत नाहीये." तात्या धावला. टेबलाखाली शिरला. दिव्याची वायर निसटली होती, त्यात त्याचं डोकं गेलं.

दरवानदादाने हात पुसले आणि वळून बोर्डाकडे पाहिलं. बोर्ड रिकामा. त्याला बोर्ड बघायला शिकवलं होतं. त्याने तो बघितला.

"बोर्ड?" संचालकबाईंनी विचारलं.

"रिकामा, मॅडम."

"दार लावा."

मित्रांनो, माझ्या हिशेबात दोन गेले होते आणि एक आला होता. एवढं गणित पहिलीच्या पोराला येतं. पण सांगू कशी? चाक फिरलं. माझंच दार माझ्याच अंगात घट्ट बसलं, खडूबाईने बसवलं होतं तसं, केसभरही फट न ठेवता. किल्ली संचालकबाईंच्या हातात गेली. मोजणी सहा मिनिटांवरून पुन्हा सुरू झाली.

पाना कठड्याखाली घसरला होता. मामाला तो काढायला वेळ लागला. पॅडवरचा भोंगा झाला तेव्हा तो अजून शिडीवर होता. पहिल्यांदा त्याला वाटलं असेल, चाचणीचा भोंगा असेल, आपला बिल्ला तर बोर्डावर आहे. आपला बिल्ला बोर्डावर असताना कोण रॉकेट पेटवणार? पण भोंगा थांबेना. मग तो धावला. बोगद्यात शिरताना त्याने पलीकडचं दार मागे ओढून घेतलं आणि खिटी लावली. तीही सवय. त्या सवयीचे मी उपकार मानते.

तो माझ्या दाराशी आला तेव्हा अडीच मिनिटं उरली होती. त्याने दार ढकललं. मग हाका मारल्या. मग फोनकडे हात नेला आणि चिठ्ठी वाचली. चिठ्ठी त्याने आधी शंभर वेळा पाहिली असेल. मग पाना उचलला आणि दारावर मारायला लागला. तीन ठोके, थांबायचा, परत तीन.

मी मोजत होते. दुसरं काय करणार? आत अकरा माणसं बसली होती, दारापासून पंधरा पावलांवर, आणि एकाच्याही कानात ते शिरत नव्हतं. मला तडा जावा असं मला त्या दिवशी वाटलं. खरंच सांगते. कुठेतरी एक बारीक भेग राहिली असती, खडूबाई एका जागी फुली मारायला विसरली असती, तर त्या भेगेतून एक ठोका तरी आत गेला असता. पण तिने एकही जागा सोडली नव्हती.

एका माणसाला मात्र थोडं जाणवलं. बगळ्याला. पेरिस्कोपची नळी आणि बोगद्याच्या दाराची चौकट एकाच काँक्रीटमध्ये रोवलेल्या आहेत. ठोका पडला की नळी एवढीशी थरथरायची आणि अडीचशे पावलांवरचं रॉकेट त्याच्या डोळ्यात हलायचं.

"मॅडम, चित्र हलतंय."

"किती?"

"थोडंसंच. थांबून थांबून."

"ही भिंत तोफेने हलायची नाही. घाम पूस डोळ्यावरचा."

बगळ्याने रुमालाने डोळा पुसला. मग काच पुसली. पुन्हा डोळा लावला. चित्र तीनदा हललं, थांबलं, तीनदा हललं. त्याने तोंड उघडलं आणि मिटलं. नवा होता तो, आणि एकदा ऐकून घेतलं होतं. मला त्याच्या पाठीत धपाटा घालावासा वाटला. बोल ना रे गाढवा, परत बोल. पण तो रुमालाची घडी घालत बसला.

सातवा दिवा लागला. तात्या टेबलाखालून बाहेर आला, गुडघे झटकले आणि आपल्या स्टुलावर बसला. मोजणी तीस सेकंदांवर. तात्याने समोरच्या दिव्यांवरची नजर न हलवता डावा हात मागे केला आणि तळवा उघडला.

"आण रे," तो हळूच म्हणाला.

हात तसाच राहिला. पंचवीस. चोवीस. तात्याने बोटं हलवली, लवकर म्हणून. वीस. त्याला वाटलं असेल, मामा थट्टा करतोय. सतरा. मग तो वळला. थर्मासपाशी कोणी नव्हतं. खोलीभर पाहिलं. त्याचा हात खिशाकडे गेला आणि दोन बिल्ले एकमेकांवर वाजले. ते मला ऐकू आलं. खोलीत दुसरं काहीच वाजत नव्हतं.

"मामा," तात्या म्हणाला. आवाज असा आला की कोणाला कळलाच नाही.

"काय?" संचालकबाई म्हणाल्या.

मित्रांनो, त्या एका 'काय'मध्ये दोन सेकंद गेले. तात्याने खिशातून बिल्ले काढून वर धरले. संचालकबाईंना तेवीस नंबर दिसला, आणि त्या मोजणी थांबवायच्या बटणावर अक्षरशः पडल्या. पण मोजणी दहाच्या आत गेली की यंत्र माणसाचं ऐकत नाही. मध्येच थांबवलं तर अर्धवट पेटलेलं रॉकेट सगळ्यांवर कोसळेल, म्हणून ते तसं बनवलेलं. सेकंद होता नववा. संचालकबाई बटण दाबत राहिल्या, दाबत राहिल्या. दरवानदादा चाकाकडे धावला तर दोघांनी त्याला धरून ठेवलं. आता दार उघडलं तर आतले अकराही जातील, हा नियम होता. त्यांनी नियम पाळला. धरणाऱ्यांतला एक रडत होता.

रॉकेट अगदी बिनचूक गेलं. एक्क्याण्णवांपैकी एवढं सरळ क्वचितच कुठलं गेलं असेल. बगळ्याने पेरिस्कोप सोडला नाही, पण तो बघत नव्हता, डोळे मिटून उभा होता.

दार उघडायला परवानगी मिळेपर्यंत बारा मिनिटं गेली. ठोके केव्हाच थांबले होते. पाण्यासाठी बोगद्याच्या कडेने एक गटार केलेलं होतं, मामा त्यात पालथा पडला होता, पाना हातात धरून. पलीकडच्या हलक्या दाराने आग अडवली होती. आवाज त्याला अडवता आला नाही. मामाच्या दोन्ही कानांतून रक्त येत होतं. तात्याने त्याला उचललं. मामा डोळे उघडून तात्याच्या तोंडाकडे बघत होता. तात्या एकसारखं काहीतरी बोलत होता, आणि ते मामापर्यंत पोहोचत नव्हतं.

त्यानंतर चौकशी झाली. मोठी माणसं आली, त्यांनी मला टकटक करून पाहिलं, माझ्या मजबुतीची तारीफ केली. आत एकाला ओरखडाही नाही, म्हणाले. वाह. मला कधी कोणाला चावावंसं वाटलं असेल तर तेव्हा. बोर्डावर नवीन पाटी लागली, 'ज्याचा बिल्ला त्यानेच काढावा'. दाराबाहेर नवीन फोन आला, दोन दिवसांत. दरवानदादा त्या दिवसापासून बोर्ड बघून झाला तरी खोलीत फिरून एकेकाच्या खांद्याला हात लावून डोकी मोजायचा. कोणी हसलं नाही.

आणि तात्या कामावर येत राहिला. पण तो बोर्डाला हात लावायचा नाही. स्वतःचा बिल्ला दरवानदादासमोर धरायचा, मग दरवानदादा त्याचा हात धरून खिळ्यापर्यंत न्यायचा. थर्मासकडे तो बघायचाही नाही. चहा सोडला त्याने.

पाच महिन्यांनी मामा परत आला. ऐकू काहीच येत नव्हतं, म्हणून त्याला पॅडवर जायची बंदी. माझी साफसफाई, दारांना तेलपाणी, असं काम दिलं. तो आत आला तेव्हा काउंटडाउनचा सराव चालू होता. सगळे उठून उभे राहिले. तात्या तेवढा उठला नाही. पाठ करून, मान खाली घालून स्टुलावर बसून राहिला. त्याची मान लाल झालेली मला दिसत होती.

मामा सरळ थर्मासपाशी गेला. कप भरला. तात्याच्या मागे जाऊन उभा राहिला. तात्या वळेना. मग मामाने त्याचा डावा हात धरला, मागे ओढला, मूठ उघडली आणि तळव्यावर कप ठेवला.

"उशिरा आलो," मामा म्हणाला. आपला आवाज केवढा येतो हे त्याला आता कळत नव्हतं, सगळी खोली दणाणली. "चहा माझ्याकडे."

तात्याच्या हातातला अर्धा चहा सांडला. उरलेला त्याने प्यायला.

पुढे बरीच वर्षं दोघं माझ्यातच होते. मामा झाडताना मध्येच थांबायचा आणि माझ्या भिंतीवर तळहात टेकवायचा. बाकीच्यांना वाटायचं दम लागला. दम नाही हो. कान गेल्यावर त्याला हातातून ऐकू यायला लागलं होतं. रॉकेट सुटताना सगळ्यांच्या आधी तो सांगायचा, हे जड आहे, हे हलकं आहे. तात्या बोगद्यातून काम करून परत आला की आत यायच्या आधी दार उघडं असलं तरी चौकटीवर तीन ठोके मारायचा. मामा कुठेही असला तरी भिंतीला हात लावून ओळखायचा आणि कप भरायला जायचा. माझ्या अंगातून जाणारा तो निरोप. मला बोलता येत नाही म्हणते ना मी? त्या दोघांपुरतं थोडं येत होतं.

मग काळ बदलला. वायरी सुधारल्या, पडदे आले, कॅमेरे आले. पंधरा मैलांवर नवीन इमारत झाली, म्हणे तिला सगळीकडे काचाच काचा. एकशे सत्तेचाळिसावं रॉकेट माझं शेवटचं. टेबलं उचलून नेली, पेरिस्कोप नेला. मला पाडायला एक यंत्र आणलं होतं, त्याचाच दात तुटला. मग ठरलं, राहू दे, कुलूप घाला.

कुलपाच्या दिवशी मामा आणि तात्या आले होते. दोघेही कधीच निवृत्त झालेले, तात्याच्या हातात काठी. कुलूप घालायला आलेला कारकून विशीतला, त्याचं सारखं घड्याळाकडे लक्ष. दोघं आत गेले, फिरले. टेबलं नाहीत तर खोली केवढी मोठी दिसत होती. बोर्ड मात्र होता. तो कोणाला नको होता.

मामाने खिशातून तेवीस नंबरचा बिल्ला काढला आणि आपल्या खिळ्याला टांगला. मग तात्याकडे पाहिलं. तात्याने काठी भिंतीला टेकवली. मग त्याने स्वतःच्या हाताने चोवीस नंबर टांगला. त्या दिवसानंतर पहिल्यांदाच त्याने बोर्डाला हात लावला.

"जो आधी परत येईल," मामा ओरडून म्हणाला, "तो फक्त स्वतःचा काढेल."

तात्याने मान डोलावली.

"आजोबा, चला आता," कारकून म्हणाला. "बंद करायचंय."

दोघं माझ्या पुढच्या दारातून बाहेर पडले. बाहेर गेल्यावर मामाने माझ्या भिंतीला हात लावला, किती तरी वेळ. कारकुनाने दार ओढलं, कुलूप घातलं, ओढून पाहिलं आणि निघून गेला. त्याची काही चूक नाही. बोर्ड कशासाठी असतो ते त्याला कोणी सांगितलंच नव्हतं.

मित्रांनो, माझी तुमच्याकडे एकच मागणी आहे. मला रंग लावू नका, माझं संग्रहालय करू नका, शेळीलाही हाकलू नका. फक्त कुठलंही दार लावण्याआधी आत कोण आहे ते बघता तसं बाहेर कोण राहिलंय तेही बघा. पाटी बघू नका, यादी बघू नका, माणसाच्या खांद्याला हात लावून बघा. दोन मिनिटं जातील. जाऊ द्यात.

मी अजून मोजते. पाऊस आला की थेंब मोजते, शेळीची पावलं मोजते. मध्येच कधी वाटतं, चौकटीवर तीन ठोके पडले. मग कळतं, वाऱ्याने कुलूप हललं.

आत अंधारात बोर्डावर दोन बिल्ले लटकलेत. म्हणजे माझी दोन माणसं अजून बाहेर आहेत. आणि माझं दार बंद आहे.